डिजिटल स्क्रॅपबुकिंगची किट्स: पैसे कागदांचे द्या, फुलांचे नकोत

निकाल आधीच सांगून टाकते. डिजिटल स्क्रॅपबुकिंग शिकायचं असेल तर एक किट विकत घ्या. एकच घ्या. आणि ते निवडताना त्यातली फुलं, फुलपाखरं, बटणं बघत बसू नका, कागद बघा. फुलं महिन्याभरात डोळ्यांवर येतात. कागद वर्षानुवर्षं उपयोगी पडतात.

मी कोल्हापुरात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, बिलबुकं, मंडळांचे अहवाल, श्रावणात सत्यनारायणाची निमंत्रणं. पेजमेकरच्या जमान्यापासून ह्या धंद्यात आहे, त्यामुळे क्लिपार्टच्या सीडी, बॉर्डरींचे फोल्डर, तयार बॅकग्राउंड ह्यांचं मला अप्रूप नाही. पुण्याच्या भाचीने ‘किट’ म्हणून जे दाखवलं ते बघून माझी पहिली प्रतिक्रिया हीच होती, की ह्यात नवीन काय? आमच्याकडे असले फोल्डर पोत्याने पडलेत. मग आत्याची पंचाहत्तरी आली. घरातल्या सगळ्यांचे फोटो गोळा करून अल्बम करायचं ठरलं आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. त्या निमित्ताने एक किट विकत घेतलं, काही फुकटची उतरवली, आणि दोन्हींत काय फरक असतो ते कळलं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. स्क्रॅपबुक म्हणजे नुसते फोटो चिकटवलेला अल्बम नव्हे. फोटोच्या मागे रंगीत कागद, बाजूला चिठ्ठी, तिकीट, फीत, आणि त्या दिवसाची चार ओळींची हकीकत, असं सजवलेलं पान. हा छंद अमेरिकेत फार चालतो आणि बराच जुना आहे. मार्क ट्वेनने आपोआप चिकटणाऱ्या स्क्रॅपबुकचं पेटंट १८७३ मध्ये घेतलं होतं. आजचं जे रूप आहे, ते बहुतेक १९८० नंतर युटा राज्यातून पसरलं. तिकडे घराण्याच्या नोंदी ठेवायची मोठी हौस. कागदी स्क्रॅपबुकचा चौकोनी १२ बाय १२ इंचाचा आकार पुढे रूढ झाला, आणि कॉम्प्युटरवर आल्यावरही तोच राहिला.

डिजिटल किट म्हणजे एक झिप फाईल. ती उघडली की आत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक म्हणजे कागद: जेपीजी फाईल, १२ बाय १२ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. दुसऱ्या म्हणजे सजावटीच्या वस्तू, ज्यांना ते एलिमेंट म्हणतात: पीएनजी फाईल, मागची बाजू पारदर्शक. बटण, सुतळी, टॅग, फ्रेम, स्टेपलची पिन, फाटक्या कडेचा कागद, शिवणीचे टाके, फुलं, पानं. बऱ्याच किटमध्ये इंग्रजी अक्षरांचा एक संच असतो, त्याला अल्फा म्हणतात. सोबत एक वापराच्या अटींची फाईल. बस. ह्यात सॉफ्टवेअर नसतं. ते कळलं नाही की माणूस झिप उतरवून ‘इन्स्टॉल कुठे करायचं’ म्हणून शोधत बसतो.

मी घेतलेलं किट एका अमेरिकन डिझायनरचं होतं. विषय आजीच्या घराचा. मोहरी पिवळा, विटेचा लाल, मळकट हिरवा आणि सायीसारखा पांढरा, एवढेच चार रंग सगळीकडे फिरवलेले. किंमत साधारण सहाशे रुपयांच्या आसपास पडली. बाहेरच्या दुकानांत एका किटचा भाव पाच-सात डॉलरच्या घरात असतो, आणि सेल लागला की बराच उतरतो.

ह्या किटला मी पाचपैकी साडेतीन देईन. त्यातले तीन निव्वळ कागदांचे.

कागद खरंच उत्तम आहेत. खाकी क्राफ्ट, हिशेबाच्या वहीसारखा रेघांचा, बारीक चौकडीचा, पुसट फुलांचा, जुन्या लाकडाचा. आमच्या धंद्यात तयार बॅकग्राउंड मिळतात ते बहुतेक भडक, मधोमध फिकट गोल, कडेला सोनेरी वेलबुट्टी. त्यावर फोटो ठेवला की फोटो हरवतो. इथे उलटं आहे. कागद शंभर टक्क्यांवर मोठा करून बघितला की तंतू दिसतात, घडीची रेघ दिसते, कोपरा किंचित मळलेला दिसतो, आणि तरी फोटो ठेवला की कागद मुकाट्याने मागे सरतो. आत्याचा १९७१ सालचा स्टुडिओतला कृष्णधवल फोटो, मागे रंगवलेला पडदा, शेजारी कुंडी, तो त्या वहीच्या कागदावर ठेवला आणि पान तिथेच झालं. वर काही ठेवायची गरजच वाटली नाही.

एलिमेंटांची गोष्ट वेगळी. लाटणं आहे, पण ते बेकिंगचं, दोन बाजूंना मुठी असलेलं जाड. पाय आहे, म्हणजे ॲपल पाय, सफरचंद घालून भाजलेला गोड पदार्थ. ओव्हनचे हातमोजे आहेत. ‘ग्रँडमा’, ‘संडे’, ‘होममेड’ असं लिहिलेल्या कागदी पट्ट्या आहेत. आत्याच्या स्वयंपाकघरात ह्यातलं काय लावू? तिने आयुष्यभर पोळपाट-लाटणं, पाटा-वरवंटा आणि वातीचा स्टोव्ह चालवला. शेवटी त्या साठ-सत्तर वस्तूंतून माझ्या कामाला आली ती सुतळी, दोन टॅग, बटणं, शिवणीचे टाके, एक फाटका कागद आणि पिना. म्हणजे ज्या वस्तू कुठल्याच देशाच्या नसतात त्या. म्हणून म्हणते, किटचं प्रिव्ह्यू चित्र बघताना त्यावर पसरलेली फुलं आणि भोपळे मनातल्या मनात बाजूला करा. खाली जे कागद आणि साध्या फ्रेमी उरतील, तेवढ्याचे पैसे द्यायला मन तयार असेल तरच घ्या. हॅलोविनचं, बर्फाचं, थँक्सगिव्हिंगचं किट कितीही देखणं असलं तरी आपल्याकडे ते फोल्डरमध्येच राहणार. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींचं वेगळं, त्यांच्या मुलांच्या अल्बमात भोपळाही येतो आणि मोदकही.

आता फुकटची किट्स. ती वाईट असतात असं अजिबात नाही. डिजिटल स्क्रॅपबुक डॉट कॉम नावाची जुनी साइट आहे, आधी तिचं नाव पिक्सेल स्क्रॅपर होतं. तिथे कागद, बटणं, फिती एकेक करून फुकट उतरवता येतात, आणि शोध चांगला चालतो, रंगावरूनसुद्धा. नवशिक्याने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पण इतरत्र ‘फ्री किट’ म्हणून जे विखुरलेलं असतं त्यात दोन खोटी हमखास निघतात आणि त्या प्रिव्ह्यूमध्ये दिसत नाहीत.

पहिली खोट म्हणजे पांढरी कड. फूल कापताना मागची पांढरी पार्श्वभूमी नीट काढलेली नसते, केसाएवढी किनार राहते. पांढऱ्या पानावर ती कळत नाही. म्हणून माझी पद्धत अशी: कुठलंही नवीन एलिमेंट आधी गडद चॉकलेटी कागदावर टाकायचं आणि दोनशे टक्क्यांवर मोठं करून कडेकडेने फिरायचं. पाकळीच्या टोकाला चुन्याची रेघ दिसली की ती फाईल सरळ कचऱ्यात. दुसरी खोट कागदांतली. एक छोटा तुकडा चारदा जोडून मोठा कागद केलेला असतो आणि जोड नीट बसलेला नसतो. डोळे बारीक करून लांबून बघा, मधोमध फुली दिसते. प्रिंटमध्ये ती अजूनच उठून येते. विकतच्या किटमध्ये मला ह्या दोन्ही गोष्टी सापडल्या नाहीत, आणि माझ्या मते सहाशे रुपयांतले निम्मे ह्याचेच आहेत.

उरलेले निम्मे रंगांच्या मेळाचे. नवशिक्याचं पान बिघडतं ते रंगांमुळे. दहा ठिकाणची दहा फुलं आणली की प्रत्येकाचा लाल वेगळा. किटमध्ये बटणाचा लाल आणि कागदाचा लाल एकच असतो, त्यामुळे कसंही ठेवलं तरी पान अंगावर येत नाही. लग्नपत्रिकेला गिऱ्हाईक ‘अजून एक रंग टाका की’ म्हणतं तेव्हा मी हेच सांगायचा प्रयत्न करते. कोणी ऐकत नाही.

पैसे भरायचा प्रकार जरा कटकटीचा आहे. ही दुकानं बाहेरची, तिथे यूपीआय नाही. कार्ड किंवा पेपॅल. पेपॅलने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले असले तरी परदेशी दुकानाला पैसे देता येतात. कार्डाने द्यायचे तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते बंदच असतात. काम झालं की परत बंद करून टाका. बँक डॉलरच्या भावावर स्वतःचे दोन-तीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावते, त्यामुळे पानावर दिसलेल्या किमतीपेक्षा थोडे जास्त जातात. उतरवायची लिंक काही दिवसांनी मरते, हेही ध्यानात ठेवा. माझी मेली होती. दुकानाला ईमेल टाकला, त्यांनी दुसऱ्या दिवशी चालू करून दिली, एका शब्दाने कुरकुर केली नाही. सेवा म्हणून ह्याला पूर्ण गुण.

सॉफ्टवेअरवरून नवशिके सगळ्यात जास्त अडतात, पण मी त्यावर फार लिहिणार नाही, कारण कुठलंही चालतं. अट एकच, त्यात लेयर हवेत, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक थर. गिम्प फुकट आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सावलीसारखे परिणाम दिल्यानंतरही बदलता येतात. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही. इवान कुत्स्किर नावाच्या एकट्या माणसाने ते बनवलं. फोटोशॉपची पीएसडी फाईल ते सहज उघडतं, तुमचे फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाहीत, आणि फोटोशॉप येणाऱ्याला तर काहीच नवीन शिकावं लागत नाही. मी ह्या अल्बमची बरीच पानं त्यातच केली. फोटोशॉप एलिमेंट्स ह्या छंदातल्या लोकांचं आवडतं आहे, पण २०२५ च्या आवृत्तीपासून ते तीन वर्षांच्या परवान्यावर मिळतं, कायमचं नाही, हे पाहून ठरवा. कॅनव्हामध्ये किटचे कागद आणि पीएनजी अपलोड करून पान करता येतं, मोबाईलवरसुद्धा. फक्त सावल्यांवर बारीक हुकमत हवी असेल तर तिथे हात बांधल्यासारखे वाटतात.

कोरल वापरणाऱ्या माझ्या धंदेवाल्यांसाठी एक ओळ: फोटोशॉपवाले ज्याला क्लिपिंग मास्क म्हणतात तो आपला पॉवरक्लिपच. खाली आकार, वर फोटो, फोटो आकाराच्या आत. घाबरू नका.

मशीनचं मात्र बघा. ३६०० बाय ३६०० म्हणजे जवळजवळ १ कोटी ३० लाख पिक्सेल. एक लेयर उघडला की मेमरीत ५० एमबीच्या आसपास जागा खातो. वीस-पंचवीस लेयर झाले की चार जीबी रॅमचा कॉम्प्युटर मान टाकतो. अल्बम आठ बाय आठचाच छापायचा असेल तर पान सुरुवातीलाच २४०० पिक्सेलचं घ्या, काम निम्म्याहून हलकं होतं.

ज्याला पान मांडायचं सुचत नाही त्याने किटच्या आधी टेम्प्लेट घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. टेम्प्लेट म्हणजे लेयर असलेली पीएसडी फाईल, त्यात करड्या रंगाचे ठोकळे: इथे फोटो, इथे कागद, इथे मजकूर. तुम्ही प्रत्येक ठोकळ्यावर आपला कागद किंवा फोटो आणून क्लिप करायचा. ह्याहून सोपं क्विक पेज, म्हणजे सगळं सजवून झालेलं पान, फोटोच्या जागी भोक. फोटो खाली सरकवला की झालं. आमच्या वहिनींनी, ज्या एरवी मोबाईलवर स्टेटस टाकण्यापलीकडे जात नाहीत, दोन पानं अशी केली आणि ती माझ्या पानांपेक्षा जास्त कौतुकाला आली. तर असो.

सावलीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण पान खरं वाटतं की चिकटवल्यासारखं वाटतं ते त्यावरच ठरतं, आणि किटच्या माहितीपत्रकात ह्याबद्दल काही नसतं. किटमधल्या वस्तूंना बहुधा सावली दिलेली नसते, ती आपण द्यायची असते. सॉफ्टवेअर जी सावली आपणहून देतं ती कुचकामी. काळीकुट्ट, आणि सगळ्यांना एकसारखी. खऱ्या टेबलावर बघा: कागदावर ठेवलेला फोटो जेमतेम उचललेला असतो, त्याची सावली पातळ आणि कडेला लागून. बटण जाड असतं, त्याची सावली जरा लांब पडते. सुतळी मध्ये टेकलेली आणि टोकाला उचललेली. म्हणून तीनशे डीपीआयच्या पानावर मी फोटोला आठ-दहा पिक्सेल अंतर देते, बटणाला त्याच्या दुप्पट. रंग काळा नाही, गडद तपकिरी, आणि लेयर मल्टिप्लायवर (म्हणजे खालचा कागद सावलीतून दिसत राहतो), गडदपणा पन्नास-साठ टक्के. उजेडाची दिशा सगळ्या पानावर एकच, मी डावीकडून वरून घेते. ह्यात एक जरी वस्तू उलट दिशेची राहिली तर काय चुकलंय ते कळत नाही, पण पान खटकत राहतं.

फुलाला आणि फाटक्या कागदाला एक पायरी जास्त. सावली वेगळ्या लेयरवर काढून घ्यायची आणि वार्पने (चित्र वाकवायच्या हत्याराने) तिचा एक कोपरा थोडा बाहेर ओढायचा. लगेच त्या कागदाचा तो कोपरा वर उचलल्यासारखा दिसतो. आत्याच्या लग्नाच्या फोटोखाली मी फाटका कागद असा लावला होता. छापून आल्यावर आमच्या घरातल्या तीन वर्षांच्या मुलीने तो कोपरा नखाने धरायचा प्रयत्न केला. त्याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नको.

आता मराठी अक्षरांचा प्रश्न. किटमध्ये येणारा अल्फा आपल्याला जवळजवळ निरुपयोगी आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं कापली की कुठलाही शब्द जुळतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं. ‘पंचाहत्तरी’ एवढा एक शब्द कापलेल्या तुकड्यांतून जुळवायचा म्हटला तर ‘त्त’ कुठून आणणार? मराठी अल्फा विकणाऱ्यांना म्हणूनच तो तसा करता येत नाही. पण तोडगा सोपा आहे आणि दिसायला अल्फापेक्षा सरस. जाड फॉन्टमध्ये शब्द टाइप करा, त्यावर किटमधला कागद आणा, आणि कागद अक्षरांत क्लिप करा. अक्षरं त्या कागदाची होतात, जणू कात्रीने कापलीत. मग पातळ सावली. ह्यासाठी ‘एक टाइप’ ह्या मुंबईच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘मोदक’ फॉन्ट बेष्ट. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली चौकडी, फुलं सगळं दिसतं. ‘बालू’ फॉन्ट त्याहून थोडा सडपातळ, लांब शीर्षकाला बरा. रेल्वे स्टेशनवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन नावाचा फॉन्ट आहे, प्रवासाच्या पानाला तो लावा. मजकुरासाठी ‘मुक्ता’, हस्ताक्षरासारखं हवं तर ‘कलम’. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

एक सावधगिरी. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकली की वेलांटी भलत्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं सुटतात. नंतरच्या आवृत्त्यांत सेटिंगमधल्या टाइपच्या भागात दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय असेल तर तो निवडला की ठीक होतं. गिम्पमध्ये काही करावं लागत नाही. धंद्यातल्या लोकांकडे श्रीलिपी असतेच, तिचे जुने फॉन्ट कुठेही बरोबर उमटतात, तेही चालतील.

फोटोंचं थोडं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला असेल तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल राहते. तीनशे डीपीआयला भागलं की सव्वापाच इंच. म्हणजे पानावर तो पोस्टकार्डाएवढा लावा, पूर्ण पानभर ताणू नका. मी सगळ्या भावंडांना बजावलं होतं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. निम्म्यांनी ऐकलं. जुने फोटो स्कॅन करताना मॅक्सी साईजला ६०० डीपीआय पुरतो. पासपोर्ट साईजचा फोटो मोठा लावायचा असेल तर १२०० ठेवा. कृष्णधवल असला तरी रंगीतवरच स्कॅन करा, जुन्या कागदाचा पिवळेपणा हीच त्याची मजा असते आणि ती क्राफ्ट कागदावर फार शोभते.

आणि स्कॅनर उघडलाच आहे तर स्वतःचं किट करायला घ्या. मला ह्या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त आनंद ह्यात मिळाला. आत्याच्या पेटीतून निघालेलं: खणाच्या चोळीचा तुकडा, पोस्टाचं आंतर्देशीय पत्र, एसटीची पंच केलेली छोटी तिकिटं, बी-बियाण्याच्या दुकानाचं बिल, शाळेच्या वहीचं पान, लग्नात नाव घालून आलेलं पाकीट. सगळं ३०० डीपीआयला स्कॅन केलं, कडा कापल्या, पीएनजी केल्या. खण तर स्कॅनरसाठीच विणल्यासारखा. बारीक नक्षी, चमक बेताची, आणि काठ वेगळा कापला की तयार फीत. कापडावर पुठ्ठा आणि वर एक जाड पुस्तक ठेवायचं, म्हणजे सुरकुती राहत नाही. पैठणीचं मात्र स्कॅनरवर जमत नाही. जरीवरचा उजेड भलतीकडे परावर्तित होतो आणि सोनं काळपट, मेलेलं दिसतं. पदर खिडकीशी सावलीत पसरून मोबाईलने सरळ वरून फोटो घ्या, जर जिवंत येते.

अमेरिकन किटचा वहीचा कागद, त्यावर आपल्या खणाची फीत, आणि एसटीच्या तिकिटाला त्यांची स्टेपलची पिन. कागद त्यांचे, वस्तू आपल्या. ही विभागणी मला पटली आणि मी सगळा अल्बम तसाच केला.

प्रिंटिंगवर माझ्या धंद्याचा हक्क आहे म्हणून चार शब्द. बाहेरच्या फोटोबुक कंपन्या आहेत, पण आपल्या गावातल्या डिजिटल प्रेसवर १३ बाय १९ चा कागद सर्रास मिळतो. त्यावर १२ बाय १२ चं पान कापणीची जागा धरून छापलं की ६ बाय १२ ची पट्टी रिकामी राहते. ती फुकट घालवू नका, त्यात ४ बाय ६ चे तीन फोटो आडवे बसतात. कापणीत पाव इंच इकडेतिकडे होतंच, तेव्हा चेहरे आणि मजकूर कडेपासून अर्धा इंच आत ठेवा, आणि मागचा कागद मात्र कडेच्या थोडा बाहेरपर्यंत न्या. लॅबमधून करिझ्मा अल्बम करणार असाल तर मधल्या घडीवर कोणाचं नाक येत नाही ना ते बघा. क्राफ्ट आणि लाकडाचे कागद स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा छापून गडद येतात. पूर्ण अल्बम द्यायच्या आधी एकच पान छापून घ्या. मी प्रेसवाली असून घेतलं. लाकडाचा कागद जळल्यासारखा आला, मग सगळीकडे तो उजळ केला. फाईल द्यायची ती एसआरजीबी ह्या नेहमीच्या रंगपद्धतीत, जेपीजीचा दर्जा सर्वोच्च, आणि लेयर असलेली मूळ फाईल घरी जपून. अल्बम बघितल्यावर कोणीतरी ‘माझा फोटो का नाही’ म्हणणारच आहे.

अटींच्या फाईलबद्दल. किटवर ‘पीयू’ लिहिलेलं असलं तर ते घरच्या वापरासाठी. अल्बम करा, छापा, नातेवाइकांना भेट द्या. पण त्यातली फुलं उचलून गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेवर लावायची नाहीत. दुसऱ्यासाठी पैसे घेऊन अल्बम करायचे असतील तर ‘एस फोर एच’ असा वेगळा परवाना लागतो, आणि त्यातली चित्रं वापरून नवीन वस्तू विकायची असेल तर ‘सीयू’. आमच्या धंद्यात हे कोणी वाचत नाही. कोणाचं तरी डिझाईन कोणाच्या तरी पत्रिकेवर फिरत असतं, आणि माझीही डिझाईन्स अशी फिरताना मी पाहिली आहेत. पण कोणीतरी एकटी बाई घरी बसून बटणं रंगवते आणि पाच डॉलरला विकते, तिची चोरी करायला मला जड जातं. किटचे फोल्डर मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणतच नाही.

घेऊ नये कोणी? ज्यांना फोटोंचा फक्त ढीग छापायचा आहे त्यांनी. ज्यांना एका संध्याकाळी अल्बम उरकायचा आहे त्यांनीही. एका पानाला माझे दोन-तीन तास सहज जातात, त्यातला एक तास आत्याशी फोनवर, की हा माणूस कोण आणि ही गाडी कोणाची. आणि ज्यांना फुकट दिसलं की उतरवायची सवय आहे त्यांनी जपून. भाचीकडे शंभरावर किट्स आहेत आणि पूर्ण झालेली पानं नाहीत. हार्ड डिस्क मात्र भरली.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिकडे नॅशनल स्क्रॅपबुक डे असतो, तेव्हा दुकानांत भाव पडतात आणि छोटी किट्स फुकटही देतात. मी तोवर थांबणार आहे. तेव्हाही किट घेणार नाही, नुसत्या कागदांचे पॅक मिळतात ते घेईन. एक वहीच्या कागदांचा आणि एक फिकट जुन्या नकाशांचा, दादांच्या बदल्यांच्या गावांसाठी.